आणखी एक पावसाळा



मृग जवळ आला आहे. कौले चाळण्याचे दिवस आता फारसे राहिले नाहीत, पण स्लॅबवर ताडपत्री अंथरणे, गटार उपसणे, सरपण आडोशाला लावणे ही कामे आपल्या घरोघरी सुरू झाली आहेत. गेल्या आठवड्यात चर्चच्या आवारातही साफसफाई झाली. मागच्या बाजूला पेव्हर ब्लॉकची एक रांग खचली आहे. तिथल्या फटीतून एक लहानसे रोप वर आलेले दिसले. पाने जाड आणि चकचकीत. उंडीचे रोप होते ते. साफ करणाऱ्या मुलाने उपटायला हात घातला, तेव्हा आमच्या तोंडून एकदम निघून गेले, "राहू दे रे ते!"

तो मुलगा चकित झाला. त्याचे चकित होणे बरोबरच होते. कारण त्याच जागेवर उभी असलेली जुनी उंडी तीन वर्षांपूर्वी आम्हीच तोडायला लावली होती.

आज हे पापनिवेदन आपल्यासमोर करणे आम्हांला आवश्यक वाटते. तेव्हा आमच्यापुढे कारणे होती. पाने फार पडतात, पाखरे आणि वटवाघळे घाण करतात, सणाच्या दिवशी गाड्या लावायला जागा पुरत नाही. पाळकीय मंडळात विषय आला, फार चर्चा झाली नाही आणि आम्ही सही केली. झाड गेले, त्या जागी फरशी आली. पुढच्या उन्हाळ्यात मिस्सेनंतर लोक उन्हात उभे राहू लागले, तेव्हा सावलीसाठी पत्र्याची शेड घालावी असा ठराव आला. त्या दिवशी आपल्या धर्मग्रामातील एक आजी आम्हांला म्हणाल्या, "फादर, सावली तोडली आणि आता सावलीसाठी वर्गणी काढता?" त्या हसत म्हणाल्या, पण आम्हांला हसू आले नाही. त्यांच्या लहानपणी उंडीची फळे गोळा करून तेल काढत आणि त्या तेलावर दिवा जळत असे. ज्या झाडाच्या दिव्याखाली त्यांनी संध्याकाळची रोझरी म्हटली, ते झाड आम्हांला केवळ कचरा करणारे दिसले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आम्हांला एक प्रश्न वारंवार विचारला जाई : अमुक वस्तू कशासाठी आहे? तिचे प्रयोजन काय? तेव्हा आम्ही पानेच्या पाने उत्तरे लिहिली. पण उंडीसमोर उभे राहून तो प्रश्न विचारायचे मात्र सुचले नाही. आम्ही फक्त 'ती आमच्या कशाच्या आड येते' एवढेच विचारले.

माळ्याची विनवणी

संत लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात (१३:६-९) प्रभू येशूने अंजिराच्या झाडाचा दाखला दिला आहे. मालक तीन वर्षे फळ शोधत येतो आणि काहीच न मिळाल्यामुळे झाड तोडायला सांगतो. माळी त्याला विनवतो की, धनी, एवढे एक वर्ष जाऊ द्या, मी सभोवती खणतो, खत घालतो, मग पाहा.

या दाखल्यावर आपण अनेक प्रवचने ऐकली आहेत. देव सहनशील आहे, पापी माणसाला तो पुन्हा संधी देतो, हे खरेच आहे. पण माळ्याच्या बोलण्याकडे जरा शेतकऱ्याच्या कानाने लक्ष द्या. तो झाडाला दोष देत नाही, त्याची बाजूही मांडत नाही. तो मातीकडे वळतो. फळ हवे असेल तर आधी माती मोकळी करावी लागेल, तिला खाऊ घालावे लागेल, हे त्याला ठाऊक आहे. त्याची दया कुदळीच्या रूपाने येते. ज्या दयेला हात मळवावे लागत नाहीत, ती दया फार काळ टिकत नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकात (२:१५) देवाने माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत करण्यासाठी आणि तिची राखण करण्यासाठी. मूळ हिब्रू भाषेत 'मशागत' या अर्थी आलेला शब्द देवाची 'सेवा' करणे यासाठीही वापरला जातो. 'राखण' हा शब्द तर अधिक विचार करायला लावणारा आहे. भावाचा खून करून आलेला काईन, मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे, असे देवाला विचारतो, तेव्हा (उत्पत्ती ४:९) तोच शब्द येतो. आणि याजकाने लोकांना द्यावयाच्या आशीर्वादात परमेश्वर तुझे रक्षण करो असे म्हटले आहे, तिथेही (गणना ६:२४) तोच. म्हणजे देव आपली राखण करतो, आपण भावाची राखण करायची आणि भूमीचीही राखण करायची. पवित्र शास्त्राने या तीन गोष्टी एकाच शब्दात ओवल्या आहेत. त्यातली एक तोडली की उरलेल्या दोन सैल होतात.

पाण्याची आठवण

वसईच्या माणसाला हे नव्याने सांगण्याची गरज नव्हती. आपल्या वाडवडिलांची वाडी म्हणजे राखणदारीची शाळाच होती. नारळ उंच, त्याखाली केळी, केळीच्या सावलीत अळू, कडेला पानवेल, कुंपणाला अडुळसा, दारात मोगरा आणि सोनचाफा. राजेळी केळ्यांची सुकेळी इथलीच. वाडीतला पालापाचोळा वाडीतच कुजत असे, राख केळीच्या बुंध्याशी जाई. 'कचरा' हा शब्द क्वचितच लागत असे, कारण फेकण्यासारखे काही उरतच नसे.

आणि या सर्वांच्या मध्ये होते बावखल. आजच्या मुलांना शब्द ठाऊक नसेल म्हणून सांगतो. बावखल म्हणजे वाडीत खणलेले गोड्या पाण्याचे मोठे तळे. पावसाचे पाणी त्यात उतरे, सावकाश जमिनीत मुरे आणि आसपासच्या विहिरींना पोसत राही. त्यावर रहाट चाले आणि उन्हाळ्यात बागायत जगे. समुद्र आणि खाडी यांच्या कुशीत असलेल्या आपल्या भूमीत याला आणखी एक अर्थ होता. जमिनीखाली गोडे पाणी भरपूर असेल, तर ते खारे पाणी मागे रेटून धरते. गोडे पाणी उपसून संपवले आणि वरून मुरणेही बंद केले, की खारे पाणी आत सरकते. मग विहीर भरलेली दिसते, पण तोंडात पाणी धरवत नाही. टँकरने पाण्याचा उपसा सुरू झाला त्या काळात आपल्यातील किती कुटुंबांनी हा अनुभव घेतला, ते वडीलधाऱ्यांना विचारा.

याच भूमीसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईचा लढा उभारला. 'सुवार्ता'चे संपादक, सुबोध बायबलचे लेखक, २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभूच्या घरी गेले. त्यांच्या अंत्यविधीनंतर आपण सर्वांनी त्यांच्याबद्दल भरभरून लिहिले, बोललो. पण आपल्या चर्चमागचे बावखल मात्र अर्धे भरलेलेच राहिले.

होय, ते बावखलही आपणच भरले. कुणी बिल्डरने नव्हे. सणाच्या मंडपासाठी जागा हवी म्हणून मातीचे ट्रक आले आणि आपण ते मोजून घेतले. पुढे जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरले, नालासोपाऱ्याला रेल्वेचे रूळ बुडाले, मिठागरांत राहणारी माणसे अडकून पडली. त्या दिवसांत आपल्या चर्चच्या पायऱ्या चढून पाणी आत आले. बाके उचलून एकमेकांवर ठेवताना आपण सर्व जण पावसाला बोल लावत होतो. पाणी मात्र नेहमीच्या आपल्या जागी जायला निघाले होते. जागा सापडली नाही, म्हणून ते देवाच्या दारात आले.

आपली झाडे

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे विश्वपत्र लिहिले आणि पृथ्वीला 'आपले सामायिक घर' म्हटले. त्यात त्यांनी संत थॉमस अक्वायनस यांच्या एका विचाराची आठवण करून दिली आहे. सेमिनरीत तो आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. देवाने इतक्या विविध गोष्टी का निर्माण केल्या, या प्रश्नाचे उत्तर देताना संत थॉमस म्हणतात की, देवाचा चांगुलपणा इतका अपार आहे की कोणत्याही एका निर्मितीत तो मावत नाही. एकीत जे उणे पडते ते दुसरी भरून काढते. याचा सरळ अर्थ असा की, एखादी जात कायमची नाहीशी होते तेव्हा देवाविषयी आपल्याला सांगणारा एक आवाज बंद होतो.

आता आपल्या अंगणाकडे आणि सोसायटीच्या बागेकडे पाहा. सगळीकडे तेच लॉन, तीच शोभेची झुडपे, तीच कुंड्यांतली रंगीत पाने. ती दिसायला छान आहेत, पण त्यांवर पाखरू क्वचितच बसते. कढीपत्त्याच्या आणि लिंबाच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. रुईवर दुसऱ्या जातीच्या वाढतात. अळी दिसली की आपण झाड फवारतो, आणि मग मुलांना फुलपाखरू दाखवायला पुस्तक उघडतो! करंज, भेंड, बकुळ, बहावा, जांभूळ, पांगारा ही झाडे आपल्या हवेला सरावलेली आहेत. चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडे, हा आपला क्रम त्यांच्या मुळांना ठाऊक आहे. पहिली दोन-तीन वर्षे सांभाळली की ती स्वतःच्या बळावर उभी राहतात, टँकर मागत नाहीत.

मात्र इथे एक गैरसमज होऊ नये. 'आपले' म्हणजे पवित्र आणि 'बाहेरचे' म्हणजे वाईट, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या कालवणातली मिरची, अंगणातला पेरू, पपई, काजू हे सारे पोर्तुगीज काळात समुद्रापलीकडून आले आणि आपल्यात मिसळले. आपली श्रद्धादेखील दूरदेशीच्या मिशनऱ्यांनी आणली आणि ती मराठी मातीत रुजली. प्रश्न कोण कुठून आले हा नाही. आलेला शेजाऱ्याला जगू देतो की त्याचा श्वास कोंडतो, हा आहे. सुबाभूळ एकदा पसरले की दुसऱ्याला जागा देत नाही. कोनोकार्पसच्या लागवडीवर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली. झाडांविषयीचा हा विचार कुणी माणसांना लावू नये. कामधंद्यासाठी वसई-विरारला आलेले, चाळीतल्या एका खोलीत राहणारे कुटुंब हे आपले शेजारी आहे. त्यांनाही पाणी हवे आणि सावली हवी. खरे तर पूर आला की सर्वांत आधी त्यांचेच घर बुडते.

नाबोथाचा मळा

जमिनीचा विषय निघाला की आपल्यातील काहींच्या मनात अपराधाची बोच उठते, हे आम्ही जाणतो. राजांच्या पहिल्या पुस्तकात (अध्याय २१) नाबोथाची कथा आहे. राजवाड्याशेजारचा त्याचा द्राक्षमळा अहाब राजाला हवा होता. राजाने बदल्यात दुसरा चांगला मळा देऊ केला, पैसे देऊ केले. वडिलार्जित वतन देणार नाही, असे नाबोथाने सांगितले आणि त्याबद्दल खोट्या साक्षीवर त्याला दगडमार करून मारण्यात आले.

ही कथा सांगून जमीन विकलेल्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे. आम्ही ते करणार नाही. कुणाच्या घरी आजारपण होते, कुणाला मुलीला शिकवायचे होते, कुणाच्या वाटणीला आलेल्या तुकड्यावर शेती परवडतच नव्हती. ज्याच्या विहिरीत खारे पाणी आले, त्याने बागायत कशी टिकवावी? माणसाचे अश्रू पाहिल्याशिवाय त्याच्या सातबाऱ्याचा न्याय करू नये.

पण या कथेतील एक गोष्ट सहसा आपल्या नजरेतून निसटते. अहाबाला तो मळा कशासाठी हवा होता? भाजीपाल्याच्या बागेसाठी! म्हणजे त्यालाही हिरवळच हवी होती. हिरवे दिसणे आणि न्यायाने वागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरिबाच्या वाट्याचे पाणी ओढून आपले लॉन हिरवे ठेवले, तर ती अहाबाची बाग होय. जमीन गेली असेल, पण राखणदारी कुणी विकत घेतलेली नाही. ज्याच्याकडे एकर आहे त्याने एकर राखावे, ज्याच्याकडे गॅलरी आहे त्याने गॅलरी राखावी.

आपल्यापुढील निर्णय

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर हॉलमध्ये धर्मग्रामाची सभा आहे. तिच्यापुढे दोन विषय येतील. पहिला, चर्चच्या मागच्या बाजूची फरशी काढून तिथली माती मोकळी करायची का? दुसरा, बावखलात टाकलेला भराव उपसायचा का? दोन्हींना विरोध आहे हे आम्हांला माहीत आहे आणि विरोध करणारे देवाचे शत्रू नव्हेत.

फरशीसाठी ज्यांनी देणगी दिली त्यांची नावे भिंतीवर आहेत. त्यांनी देवाच्या घरासाठी दिले आणि देवाने ते स्वीकारले. काढलेले ब्लॉक वाया जाणार नाहीत. स्मशानभूमीच्या वाटेवर चिखल होतो, तिथे ते मधे माती सोडून बसवता येतील. बावखलामुळे डास होतील, अशी भीती काहींना वाटते. साचलेल्या घाण पाण्यात डास होतात हे खरे. पण ज्या तळ्यात मासे, बेडूक आणि चतुर आहेत, त्यात डासांच्या अळ्या खाणारेही असतात. त्यात कचरा आणि सांडपाणी जाऊ न देणे हे आपले काम. मुलांच्या सुरक्षेसाठी कठडा लागेल, तोही बांधू. सणाच्या गाड्यांसाठी शाळेचे मैदान मिळते का ते पाहू. थोडे चालावे लागेल. कधी काळी आपली माणसे मिस्सेला मैलभर चालत येत असत.

आणखी एक गोष्ट. गेल्या ऑक्टोबरात आगेराच्या सणाला आशीर्वादित करायला भाताची कणसे आपल्याला दुसऱ्या धर्मग्रामातून आणावी लागली. वेदीसमोर ती कणसे हातात धरताना आम्हांला लाज वाटली. जी भूमी आपण कसलीच नाही, तिच्या पहिल्या पिकाबद्दल देवाचे आभार कसे मानायचे? एका कुटुंबाने आपला पडीक तुकडा यंदा लावणीसाठी देऊ केला आहे. युवक-युवतींनी, धर्मशिक्षणाच्या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी एक दिवस चिखलात उतरावे. कसे लावायचे ते शिकवायला आपल्या आजी-आजोबा अजून आहेत. आणखी दहा वर्षांनी शिकवायला कोण असेल?

घरोघरी काय करता येईल, तेही थोडक्यात सुचवतो :

१. ओला कचरा वेगळा ठेवून त्याचे खत करावे. पालापाचोळा जाळू नये, झाडाच्या बुंध्याशी घालावा.

२. छपराचे पाणी गटारात न सोडता गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडावे.

३. या पावसाळ्यात प्रत्येक कुटुंबाने एक तरी आपल्या भूमीतले झाड लावावे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी कुंडीत कढीपत्ता, लिंबू किंवा अडुळसा लावावा. पाच झाडे लावून फोटो काढण्यापेक्षा एक झाड तीन उन्हाळे जगवावे.

४. वेदीवर आणि कबरींवर प्लॅस्टिकची फुले नकोत. फुले खोचण्याचा तो हिरवा स्पंजही प्लॅस्टिकचाच असतो. वाडीतला मोगरा, जास्वंद, चाफा प्रभूला पुरेसा आहे.

५. बारशाच्या, लग्नाच्या आणि सणाच्या जेवणात थर्माकोल टाळून केळीचे पान किंवा धुता येणारी ताटे वापरावीत.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००१ मध्ये 'पर्यावरणविषयक परिवर्तना'ची हाक दिली होती. परिवर्तन हा शब्द आपण प्रायश्चित्तकाळात वापरतो. म्हणजे ही केवळ सवय बदलण्याची गोष्ट नाही, हृदय वळवण्याची आहे. आणि हृदय वळले की नाही, हे हातांकडे पाहून कळते.

पुनरुत्थानाच्या सकाळी मरिया माग्दालियाला प्रभू भेटला, तेव्हा तिने त्याला माळी समजले (योहान २०:१५). आपण म्हणतो, ती चुकली. पण कदाचित ती पूर्णपणे चुकली नव्हती. पहिल्या बागेची राखण आदामाने सोडली होती. ती पुन्हा हाती घेण्यासाठीच नवा आदाम त्या बागेत उभा होता. आजही तोच पित्यासमोर आपल्यासाठी विनवणी करतो की, यांना आणखी एक वर्ष द्या.

फटीतले ते उंडीचे रोप आम्ही अजून हलवलेले नाही. जुन्या झाडाचे बी मातीत राहिले होते की वटवाघळाने कुठून आणून टाकले, कोण जाणे. ज्या वटवाघळांची घाण नको म्हणून झाड तोडले, त्यांनीच ते परत लावले असेल, तर देवाचा विनोद आम्ही मुकाट्याने मान्य करतो. सभेने होकार दिला, तर पहिली फरशी त्या रोपाशेजारची निघेल. रोपाला आळे करण्याचे काम आम्ही त्या आजींना सांगितले आहे. त्यांनी एकच अट घातली आहे. पाणी रोज फादरांनी घालायचे.

आपण प्रार्थना करू या :

हे प्रभू, तू आम्हांला भरल्या वाडीत जन्माला घातलेस आणि आम्ही तिची किंमत चौरस फुटांत केली. आमच्या अविचाराची आम्हांला क्षमा कर. आमची कठीण झालेली माती तू मोकळी कर. बुजलेल्या विहिरींना आणि बुजलेल्या मनांना पुन्हा झरे फुटू देत. ज्यांची जमीन गेली त्यांना धीर दे, ज्यांची उरली त्यांना शहाणपण दे, ज्यांना कधीच नव्हती त्यांना आमच्या सावलीत जागा दे. आणखी एक पावसाळा आमच्या पदरात घाल आणि तो वाया न घालवण्याची कृपा दे. आमेन.

आपले सेवक,
धर्मग्रामाचे धर्मगुरू